ट्रायल्स सायकल : तीस हजार रुपये आधी कुठे घालायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इंदूरचे आहेत. त्यांनी दुसऱ्याने वापरलेली २० इंची ट्रायल्स सायकल (उड्या मारत ओटे, खडक चढायच्या खेळाची) घेतली आहे, स्वतःचं वजन ७० किलो. मागच्या चाकावर उभं राहून उड्या मारताना मधूनच पेडल एकदम सटकतं. पाऊस लागल्यापासून मागचा ब्रेक धरत नाही. चेन करकरते. हाताशी ३०,००० रुपये आहेत, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायटॅनियमचे बोल्ट घ्यायचं मनात आहे, आणि कुठल्या कंपनीचे पार्ट सगळ्यात चांगले असं विचारलंय.

फोर्क आणि बोल्ट दोन्ही आत्ता घेऊ नका. आणि पेडल का सटकतंय ते नक्की कळेपर्यंत सायकल ओट्यावर किंवा खडकावर चढवू नका, सपाट जमिनीवरच राहा.

कंपनी कोणती हा प्रश्न नंतरचा. ट्रायल्स सायकलला सीट नसते, गिअर नसतात, आणि प्रत्येक उडीला अख्खं शरीर एका पेडलवर, एका ब्रेकवर आणि हँडलवर येतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सायकली बघताना मी पार्टांचे दोनच गट करतो: जे बिघडण्याआधी कळवतात आणि जे न कळवता एकदम सोडतात. टायर झिजला की दिसतो, रिम वाकली की चाक डुगडुगतं. फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग), चेन, हँडल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), फोर्कचा दांडा हे मात्र शेवटच्या उडीपर्यंत ठीकच वाटतात. पैसे आधी या दुसऱ्या गटावर घालायचे. वजन कमी करणं त्यानंतर कधीतरी.

पुढचं सगळं तुमच्या सायकलच्या जातीवरही अवलंबून आहे, म्हणून ते आधी बोलू. स्पर्धेतल्या सायकली २० इंची आणि २६ इंची अशा दोन वर्गांत असतात. त्याशिवाय २४ इंची स्ट्रीट सायकल असते, कसरती करणारा स्कॉटिश सायकलपटू डॅनी मॅकॅस्किल याच्या व्हिडिओंमध्ये दिसते ती. तिला बहुधा सीट असते आणि तिचे हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक वेगळ्या हिशोबाने बसवलेले असतात. त्यामुळे व्हिडिओखालच्या चर्चेत वाचलेला सल्ला तुमच्या २० इंचीला लागू पडेलच असं नाही. २० इंचीतही पुढचं चाक बीएमएक्सच्या (कसरतीच्या लहान सायकलच्या) मापाचं असलं तरी मागचं बहुधा १९ इंची असतं. इथल्या दुकानातला लहान मुलांच्या सायकलचा टायर पुढे बसेल, मागे बसणार नाही. मागच्या हबची रुंदी बऱ्याच २० इंचींमध्ये ११६ मि.मी. असते, २६ इंचीत बहुधा १३५. चाक काढा, फ्रेमच्या दोन्ही पायांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि मगच काही मागवा. बाहेरून मागवलेला चुकीच्या मापाचा हब परत पाठवणं परवडत नाही.

आता पेडल सटकण्याबद्दल. याला चार-पाच कारणं असू शकतात आणि पायाला सगळी सारखीच वाटतात. म्हणून अंदाजाने पार्ट बदलायचा नाही. पांढरा पेंट मार्कर घ्या. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चाकाच्या) एका दातावर आणि त्यावर बसलेल्या चेनच्या कडीवर एक सलग रेघ मारा. ॲक्सल (चाकाचा आस) आणि फ्रेमवर एक. क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल असतं तो) आणि तो बसतो त्या दांड्यावर एक. टायर आणि शेजारच्या फ्रेमच्या नळीवर एक. पुढचं चाक भिंतीला टेकवा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा, मागचा ब्रेक घट्ट आवळा आणि पुढच्या पेडलवर दणके देत वजन टाका. क्रँक वेगवेगळ्या जागी ठेवून हे पुन्हा करा, कारण फ्रीव्हील एखाद्याच जागी सटकत असू शकतं.

टायरवरची रेघ सरकली तर दोष ब्रेकचा. ब्रेक घसरला की चाक पुढे फिरतं, पेडल खाली जातं आणि पायाला वाटतं फ्रीव्हील गेलं. तुमच्या दोन्ही तक्रारी पावसातच वाढल्या असतील तर ही शक्यता मी सगळ्यात वर ठेवीन. चेनवरची रेघ दातावरून पुढे गेली तर चेन किंवा स्प्रॉकेट झिजलंय. ॲक्सल सरकला तर चाकाचे बोल्ट किंवा चेन ताणणारे गोगलगायीच्या आकाराचे कॅम ढिले आहेत. क्रँक दांड्यावर हलला तर त्याचा बोल्ट. चारही रेघा जागेवर राहिल्या आणि तरी पेडल गेलं, तर दोष बहुधा फ्रीव्हीलचाच.

फ्रीव्हील जरा नीट समजून घ्या, कारण तुमच्या पैशांचा मोठा भाग कदाचित इथेच जाईल. २० इंचीत ते बहुधा मागच्या चाकावर नसतं, पुढे क्रँकवर असतं. मागे १२ दातांचं स्प्रॉकेट लावायचं असतं आणि एवढ्या लहान मापात मजबूत फ्रीव्हील बसवायला जागा नसते, म्हणून ते पुढे आणलं. यामुळे चाक फिरतं तोवर चेनही फिरत राहते, पेडल मारत नसलात तरी. पँटचा पाय आणि चाक फिरवून बघताना बोटं, दोन्ही सांभाळा.

फ्रीव्हीलच्या आत दातेरी कडं असतं आणि स्प्रिंगवर उभे राहणारे पॉल असतात, ज्यांना इथले मिस्त्री कुत्ते म्हणतात. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलच्या आतल्या कड्याला समजा १८ दात आहेत, तर पॉल धरेपर्यंत पेडल २० अंश रिकामं फिरू शकतं. १६० मि.मी. क्रँकवर हे अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या वर जातं. मागच्या चाकावर तोल सांभाळताना एवढं रिकामं पेडल म्हणजे पडणंच. ट्रायल्सचं फ्रीव्हील एका फेरीत ७२ जागी धरतं तेव्हा हे अंतर १४ मि.मी. होतं, १०८ जागी धरतं तेव्हा ९ मि.मी.च्या आसपास. पण कड्यावर ७२ दात कापलेले असतातच असं नाही. बऱ्याच फ्रीव्हीलमध्ये दात ३६ असतात आणि पॉल दोन गटांत अर्ध्या दाताच्या फरकाने बसवलेले असतात. म्हणजे एका वेळी निम्मेच पॉल भार घेतात. त्या निम्म्यांपैकी एखादा घाणीमुळे अर्धवट उभा राहिला, तर तो दाताच्या टोकावर धरतो. टोकाचा टवका उडतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सटकतं.

म्हणून नवं मागवण्याआधी तुमचं फ्रीव्हील उघडून बघा. साध्या पद्धतीच्या फ्रीव्हीलच्या झाकणाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतात. काहींत झाकणाऐवजी स्प्रिंगची रिंग असते. खाली पांढरं कापड अंथरा, नाहीतर छर्रे आणि स्प्रिंगा सापडत नाहीत. आत काळं, चिकट ग्रीस भरलेलं दिसलं तर बहुतेक तेच कारण आहे. जाड ग्रीसमध्ये पॉल आळसावतात, आणि इथल्या जानेवारीतल्या सकाळी तर उठतच नाहीत. डिझेलने सगळं धुवा, सुकवा, प्रत्येक पॉल बोटाने दाबून सोडा आणि चटकन उभा राहतो का बघा. मग पॉलची टोकं आणि कड्याचे दात भिंगाखाली बघा. धार सरळ असेल तर पातळ तेलाचे काही थेंब टाकून परत बसवा, तुमचे पैसे वाचले. टोकं गोल झाली असतील किंवा दाताची कड चमकत असेल तर त्याला घासून, कानस मारून काही होत नाही. नवं घ्यायचं. बसवताना क्रँकच्या आट्यांवर ग्रीस लावायला विसरू नका, नाहीतर पायाच्या जोराने ते इतकं आवळतं की पुढच्या वेळी काढताना क्रँकचेच आटे जातात.

तुमचं वजन पाहता, आणि रोज साफसफाई करायची सवय अजून लागलेली नाही असं धरून, मी १०८ पेक्षा ७२ चं दणकट फ्रीव्हील सुचवीन. जास्त जागी धरणारं फ्रीव्हील हाताला छान वाटतं, पण आतलं काम बारीक असतं आणि ते कचरा सहन करत नाही.

चेनचा हिशोब पाहिला की तिच्यावर कंजुषी का करायची नाही ते कळतं. बाहेर, चेन बसते तिथे, १८ दात असलेल्या फ्रीव्हीलची त्रिज्या ३६-३७ मि.मी. भरते. १६० मि.मी. क्रँकवर ७० किलोचा माणूस नुसता उभा राहिला तरी चेनवर ३०० किलोच्या वर ताण येतो. साध्या सायकलला पुढे ४४ दातांचं चाक असतं, तिथे हाच माणूस १३०-१४० किलो ताण देतो. शिवाय तुम्ही उभे राहत नाही, दणका देता. बीएमएक्स आणि ट्रायल्ससाठी बनवलेली जाड पट्ट्यांची चेन घ्या, केएमसी कंपनीच्या या कामाच्या चेन बऱ्याच जणांच्या सायकलींवर मी पाहतो आणि त्या नीट टिकतात. स्प्रॉकेटच्या रुंदीशी मापं जुळवून घ्या. अर्ध्या-अर्ध्या कड्यांची चेन दिसायला भक्कम असते, पण लवकर ताणते, मी लावत नाही.

मोजायचं असं: स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर धरा. बारा इंचांवर बरोबर पिन यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. साध्या सायकलवर लोक याहून बरंच पुढपर्यंत चालवतात, इथे नाही. चेन तुटली तर छाती थेट हँडलवर जाते. चेनसोबत मागचं १२ दातांचं स्प्रॉकेटही बघा. एका वेळी त्याचे साधारण सहाच दात चेनमध्ये असतात, त्यामुळे ते पुढच्यापेक्षा लवकर झिजतं. दात एका बाजूला झुकलेले दिसले की नव्या चेनबरोबर ते पण नवं. आणि मागवताना दोन चेन एकदम मागवा, पार्सलचा खर्च तेवढाच येतो.

ब्रेककडे वळू. २० इंचीला मागे बहुधा रिमवर धरणारा हायड्रॉलिक ब्रेक असतो, मागुरा कंपनीचा एचएस३३ किंवा त्याच धर्तीचा. तो ओल्यात धरत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे रिम गुळगुळीत झालेली असते. ट्रायल्सवाले रिमच्या ब्रेकपट्टीवर ४ इंची ग्राइंडरने मुद्दाम ओरखडे मारतात. हात हलका, ग्राइंडर सतत फिरता, ओरखडे तिरपे आणि जवळजवळ, खोल नकोत. डोळ्यांवर चष्मा आणि टायर काढलेला. बोट फिरवलं की कानशीसारखं खरखरीत लागायला हवं. पॅडने घासून हे ओरखडे झिजतात, मग पुन्हा मारावे लागतात, आणि दरवेळी रिमची भिंत थोडी पातळ होते. कड बाहेर फुगलेली किंवा चिरलेली दिसली की ती रिम संपली. अशा रिमला कडक पॅड लागतात; मऊ रबरी पॅड ओरखडे चार दिवसांत खाऊन टाकतात.

काही जण गुळगुळीत रिमवर डांबर घासतात. कोरड्यात त्याने पकड येते, पण पावसात जाते, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांच्या वर डांबर मऊ होऊन पॅडला चिकटतं. इंदूरच्या हवेत मी ते करायला सांगणार नाही.

ओरखडे मारूनही धरत नसेल तर दोन गोष्टी बघा. लिव्हर दाबताना कुणाला तरी मागून बघायला सांगा: फ्रेमच्या दोन्ही नळ्या बाहेर फाकतात का? फाकत असतील तर तुमचा अर्धा जोर तिथे जातोय, दोन्ही बाजूंना जोडणारी कमानीसारखी पट्टी बसवा. आणि लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर नळीत हवा आहे, तेल भरून हवा काढावी लागेल. इथे एक गोष्ट फार जपायची. मागुराला मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलवाल्याकडे "ब्रेक ऑइल" मागितलं की डॉट ३ नाहीतर डॉट ४ मिळतं, ते त्यात गेलं की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. होप कंपनीच्या डिस्क ब्रेकचं याच्या उलट, त्याला डॉटच लागतं. तुमच्या पुढच्या चाकाला डिस्क असेल तर बाटली उघडण्याआधी लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

सायकल वापरलेली आहे म्हणून एक काम आजच करा, पैसे लागत नाहीत. पेडल, चाकं, ब्रेक काढून फ्रेम साबणाने धुवा. फ्रेम ॲल्युमिनियमची असते आणि या धातूत दणक्यांचा थकवा साठत जातो. तडे ठरावीक जागी येतात: हँडलच्या नळीखाली जिथे खालची तिरकी नळी मिळते तिथे, क्रँकच्या दांड्याजवळ मागच्या नळीवर, ब्रेकच्या बुडाशी, मागच्या चाकाच्या खाचेपाशी. संशय असेल तिथे डिझेल लावा, काही मिनिटं थांबा, कापडाने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. रंगावरचा नुसता ओरखडा असेल तर काही उमटत नाही. हँडल स्टेममधून बाहेर काढून त्याच्या पकडीच्या जागेवरही हेच करा.

हँडलच्या नळीपाशी रेघ उमटली तर ती फ्रेम उडीसाठी वापरू नका. "टिग वेल्डिंग करून देतो" म्हणणारे भेटतील. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद भट्टीतल्या प्रक्रियेने आलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि तडा पुढच्या खेपेला तिथूनच जातो. हँडल किंवा स्टेमला रेघ दिसली तर दुरुस्तीचा विचारच नाही.

आता तुमच्या बोल्टांबद्दल. इंदूरच्या सियागंज बाजारात काळे ॲलन बोल्ट मिळतात, डोक्यावर १२.९ कोरलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे साधारण १२०० मेगापास्कल ताणाची ताकद. चकचकीत स्टेनलेस बोल्टवर ए२-७० असतं, ते ७०० वर आहे. स्टेमसाठी हे काळे बोल्ट उत्तम. टायटॅनियमने वाचणारे ग्रॅम तुम्हाला अजून वर्षभर तरी जाणवणार नाहीत. काळे बोल्ट पावसात गंजतात, तेवढं तेलाचं बोट फिरवत राहा. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळा, वरची आणि खालची फट सारखी ठेवा, एम५ (५ मि.मी. जाडीचे) असतील तर ५ ते ६ न्यूटन-मीटरवर थांबा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर घ्या, तुमच्या तीस हजारांतली ही चांगली खरेदी ठरेल.

इथल्या लेथवर काय करून घ्यायचं याचीही एक सीमा ठेवा. चकत्या, स्पेसर, चेन ताणायचे कॅम, ब्रेकची कमानपट्टी, खालची बॅश रिंग (दगडापासून दात वाचवणारं कडं), हे इथे छान बनतं आणि बिघडलं तरी हाड मोडत नाही. ॲक्सल, क्रँक, स्टेम, फोर्क यांची नक्कल करून घेऊ नका. आकार जुळेल, पण धातू आणि त्यावरची प्रक्रिया जुळणार नाही. कार्बन फोर्कबद्दल माझं म्हणणं असं की इंदूरजवळच्या चोरलकडच्या काळ्या खडकांच्या कडा धारदार असतात, शिकताना सायकल वरचेवर आपटते, आणि कार्बनला आतून झालेली इजा बाहेरून दिसेलच असं नाही. हातात येणाऱ्या सायकलीचा इतिहासही आपल्याला माहीत नसतो. ॲल्युमिनियमचा फोर्क ठेवा आणि खडूने तपासत राहा.

टायरचं थोडक्यात: खडकाच्या कडेवर मागचं चाक ठेवून त्यावर उड्या मारा, रिम दगडाला लागली तर हवा कमी आहे. तिथून थोडी वाढवा आणि तोच दाब लिहून ठेवा. ट्यूब आणि रिम टेपमध्ये इथल्या दुकानातला माल चालतो.

पावसाळ्यात आपली काळी माती चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सिमेंटसारखी बसते. घरी आल्यावर मऊ ब्रशने आणि बादलीच्या पाण्याने धुवा, प्रेशरचं पाणी बेअरिंगवर आणि फ्रीव्हीलवर मारू नका. चेन पुसून तेल लावताना रिमवर आणि डिस्कवर जुनं कापड टाका. एक थेंब तेलाने पॅड वाया जातात.

तेव्हा पैशांचा क्रम माझ्या मते असा: दोन चेन आणि मागचं स्प्रॉकेट, गरज निघाली तर फ्रीव्हील, मागचे कडक पॅड, नवं हँडल (वापरलेल्या सायकलचं जुनं मी ठेवत नाही, तडा नसला तरी), टॉर्क पाना. बाहेरून येणाऱ्या मालाचे भाव आणि कस्टम ड्यूटी बदलत राहते, म्हणून पैसे संपले तर यादी खालून कापा, पण हँडल कापू नका. त्याच्याआधी टॉर्क पाना उसना आणा.

रेघांची चाचणी करून काय सरकलं ते कळवा. सोबत पुढचे-मागचे दात, मागच्या हबची रुंदी, ब्रेकच्या लिव्हरवर लिहिलेलं नाव आणि फ्रीव्हील उघडलंत तर पॉलच्या टोकांचा जवळून काढलेला फोटो टाका. मापं हातात आली की नेमका कुठला पार्ट मागवायचा ते सांगतो.